सेवा क्लब निधी कसा उभारतो आणि तो कुठे जातो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेवा क्लब आणि धर्मादाय संस्था यांत फरक काय?

सेवा क्लब ही मुळात सभासदांची संघटना. सभासद ठरलेल्या दिवशी भेटतात, वर्गणी भरतात आणि आपला वेळ, ओळखी, व्यवसायातलं कौशल्य परिसराच्या कामी लावतात. धर्मादाय संस्थेत बहुधा पगारी माणसं असतात आणि कामाचा विषय एकच असतो. क्लबात पगारी माणूस क्वचितच सापडतो आणि कामाचे विषय बदलत राहतात.

पॉल हॅरिस या वकिलाने १९०५ साली शिकागोत रोटरी सुरू केली. किवानिसची स्थापना १९१५ मध्ये डेट्रॉइटला झाली आणि विमा व्यवसायातले मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये लायन्स उभी राहिली. तिन्हींची मुळं व्यावसायिकांच्या मंडळांत आहेत, सेवा पुढे मुख्य झाली. म्हणूनच आजही प्रत्येक क्लबात दोन गोष्टी शेजारी नांदतात: सभासदांचा आपसातला स्नेह आणि बाहेरच्यांसाठीचं काम. या दोन्हींचा पैसा पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवला, तर पुढचे निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

सभासदांची वर्गणी समाजकार्याला जाते का?

सहसा नाही, आणि जावी अशी अपेक्षाही नसते. वर्गणीतून क्लब चालतो: सभेची जागा, टपाल, वरच्या संघटनेला द्यायचा वाटा, पदाधिकाऱ्यांचं प्रशिक्षण, सभासदांचे स्नेहमेळावे. समाजकार्याचा पैसा लोकांकडून देणगी, तिकिटं, विक्री, प्रायोजकत्व या वाटांनी येतो.

त्यासाठी बँकेत दोन खाती हवीतच. एक प्रशासकीय, दुसरं सेवाकार्याचं. लायन्समध्ये हा लेखी दंडक आहे: जनतेकडून जमलेला पैसा जनतेच्या कामालाच लागला पाहिजे, तो क्लबच्या चालू खर्चाकडे वळवता येत नाही. तुमच्या संघटनेत असा नियम नसला तरी हीच पद्धत ठेवा. उलट दिशेला मात्र अडचण नाही. वर्गणीतून उरलेली रक्कम ठराव करून सेवाखात्यात टाकता येते.

इथे चूक होते ती बहुतेक वेळा सद्‌हेतूने. वर्गणी थकलेली असते, सभागृहाचं भाडं द्यायचं असतं, आणि ‘आठ दिवसांत परत टाकू’ म्हणून सेवाखात्यातून पैसे उचलले जातात. मग वर्ष संपतं, खजिनदार बदलतो आणि परत टाकायचं राहून जातं. खात्यांमध्ये तात्पुरती उसनवारी नको, एका दिवसाचीसुद्धा.

निधीसाठी केलेल्या कार्यक्रमाचा खर्च जमलेल्या रकमेतून वजा करता येतो का?

थेट त्या कार्यक्रमाचाच खर्च असेल तर येतो: सभागृह, ध्वनियंत्रणा, तिकिटांची छपाई, परवाने, विमा. पदाधिकाऱ्यांचे सत्कार, शाली, सभासदांचा प्रवास आणि क्लबचे नेहमीचे फलक हा थेट खर्च नव्हे. तो प्रशासकीय खात्यातून करावा. तिकिटावर ‘सर्व रक्कम अमुक कामासाठी’ असं छापलं असेल, तर खर्चाचा भार प्रायोजकाने किंवा क्लबने उचलावा लागतो. खर्च वजा होणार असेल तर ‘खर्च वजा जाता उरणारी रक्कम’ असं स्पष्ट छापा. चार शब्द जास्त लागतात, पण शंका राहत नाही.

किती निधी हवा हे आधी ठरवायचं की जमेल तेवढा जमवून मग काम शोधायचं?

आधी काम. ‘समाजकार्यासाठी मदत करा’ म्हणणाऱ्याला लोक ओळखीखातर किरकोळ रक्कम देतात. ‘तपासणीकेंद्राला हे यंत्र हवं आहे, रोज इतक्या रुग्णांची सोय होईल, इतकी रक्कम जमली आहे, इतकी कमी पडते’ असं सांगितलं की देणारा स्वतः हिशेब करतो आणि विचार करून देतो.

अंदाजपत्रक काढताना तीन स्वतंत्र दरपत्रकं घ्या. वस्तूची किंमत, वाहतूक, कर, बसवणी, वापरणाऱ्यांचं प्रशिक्षण आणि किमान तीन वर्षांची देखभाल हे सगळं त्यात धरा. त्यावर दहा टक्के अनपेक्षित खर्चासाठी ठेवा. देखभालीचा आकडा लिहायला बहुतेक समित्या कचरतात, कारण एकूण रक्कम फुगलेली दिसते. पण तो आकडा गाळला म्हणून खर्च टळत नाही. ज्या शाळेला किंवा दवाखान्याला आपण मदत केली, त्यांच्याच गळ्यात तो पडतो.

आणखी एक शिस्त पाळा. कबूल झालेली देणगी आणि हातात आलेली देणगी यांचे रकाने वेगळे ठेवा. खरेदीचा आदेश बँकेत जमा झालेल्या रकमेवरच द्या. कबूल केलेले सगळे देतातच असं नाही. बहुतेक वेळा त्यांची दानत कमी पडलेली नसते. विचारायला पुन्हा कुणी गेलेलं नसतं.

निधी उभारण्याचा सगळ्यांत चांगला मार्ग कोणता?

प्रत्यक्ष भेटून मागणं. त्यात खर्च जवळजवळ शून्य आणि मिळालेली रक्कम पुरती कामाला लागते. तरीही क्लब कार्यक्रमांच्या मागे धावतात, कारण मागायला संकोच वाटतो. संकोच कमी करायचा असेल तर दोघांनी मिळून जावं, एका पानाचा प्रकल्प-आराखडा सोबत न्यावा, ठराविक रक्कम सुचवावी आणि सुचवल्यावर गप्प बसावं. समोरच्याला विचार करायला वेळ लागतो, तो आपण बोलून भरून काढू नये. भेटीनंतर दोन दिवसांत आभाराचं पत्र जावं, नकार मिळाला असला तरी.

दरमहा थोडी रक्कम देणारे देणगीदार हा दुसरा भक्कम आधार आहे. शंभर जणांनी दरमहा थोडंथोडं दिलं तर वर्षभराचं नियोजन करता येतं. एका मोठ्या देणगीदाराच्या मर्जीवर ते कधीच करता येत नाही. काही कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीत तितकीच भर घालतात. आपल्या देणगीदारांपैकी कुणाच्या कंपनीत ही सोय आहे, हे आवर्जून विचारा.

वस्तुविक्रीत माल अंगावर पडण्याचा धोका असतो, म्हणून आगाऊ नोंदणी घेऊनच माल मागवा. लिलावात वस्तू देणगीदाखल आलेल्या असाव्यात आणि प्रत्येकीची किमान बोली आधी ठरलेली असावी. सोडतीबद्दल एकच सांगणं: अनेक ठिकाणी ती लॉटरीच्या कायद्यात येते, परवाना लागतो किंवा पूर्ण मनाई असते. तिकिटं छापण्याआधी वकिलाला विचारा.

तिकिटाचा कार्यक्रम करायचा आहे. तयारी कधीपासून आणि कशी?

तीनशे आसनांच्या सभागृहासाठी बारा आठवडे धरा. पहिल्या दोन आठवड्यांत तारीख, सभागृह आणि कलाकार पक्के करा. तारीख ठरवताना परीक्षा, सण आणि शेजारच्या क्लबांचे कार्यक्रम बघा. ही पाच मिनिटांची चौकशी न केल्यामुळे अर्धं सभागृह रिकामं राहू शकतं. पुढचे चार आठवडे प्रायोजकांचे. तिकीटविक्री सुरू होण्याआधी खर्चाइतकं प्रायोजकत्व जमलं, तर तिकिटाची सगळी रक्कम प्रकल्पाला मिळते. उरलेले सहा आठवडे विक्रीचे.

गणित तिकिटांतच मांडा, सगळ्यांना कळतं. समजा एकूण खर्च साठ तिकिटांच्या किमतीइतका आहे आणि प्रायोजक नाही. दीडशे तिकिटं खपली तर साठ खर्चात गेली, नव्वद उरली; म्हणजे जमलेल्या पैशातले चाळीस टक्के कार्यक्रमानेच खाल्ले. तीनशे खपली तर खर्चाचा वाटा वीस टक्क्यांवर येतो. साठाच्या खाली राहिलात तर क्लबला पदरमोड करावी लागते. हा आकडा पहिल्याच सभेत फळ्यावर लिहा आणि विक्रीच्या चौथ्या आठवड्यात तिथवरही पोहोचला नसाल, तर कार्यक्रम पुढे ढकलण्याचा निर्णय धीटपणे घ्या. सभागृहाच्या करारात रद्द करण्याची शेवटची तारीख त्याच हिशेबाने घालून घ्यावी लागते.

विक्रीतली खरी गळती सभासदांना वाटलेल्या तिकीटपुस्तकांत असते. प्रत्येकाला वीस तिकिटं दिली जातात, तो ‘होतील’ म्हणतो, आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सोळा परत येतात. तोवर ती विकलेली समजून दारावर आलेल्यांना नाही म्हटलेलं असतं. यावर उपाय जुनाच आहे: तिकिटांवर अनुक्रमांक, कुणाला कोणते क्रमांक दिले याची सही घेतलेली वही, आणि दर आठवड्याला पैसे किंवा तिकीट यांपैकी एक परत. कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी सगळी न विकलेली तिकिटं एका माणसाकडे जमा करा. मानाच्या फुकट तिकिटांचा आकडाही आधीच ठरवा आणि त्यांच्यावर वेगळा शिक्का मारा. नाहीतर प्रेक्षक भरपूर आणि जमा कमी असं चित्र दिसतं आणि विनाकारण खजिनदारावर बोट ठेवलं जातं.

रोख रक्कम आणि दानपेट्या कशा हाताळाव्यात?

या प्रश्नाला आखडतं उत्तर देऊन चालत नाही, कारण प्रामाणिक माणसावर आळ येण्याची ही सगळ्यांत सोपी जागा आहे. पुढची पद्धत चोर पकडण्यासाठी असल्यासारखी वाटेल. तिचा पहिला उपयोग प्रामाणिक माणसाच्या रक्षणासाठी आहे.

प्रत्येक पेटीला क्रमांक आणि एकदाच वापरता येणारं सील लावा. पेटी कुणी नेली, कधी आणली, सील शाबूत होतं का, याची नोंद ठेवा. पेटी उघडताना दोघे हजर असावेत आणि ते एकाच घरातले नसावेत. मोजणीचा कागद मूल्यवार लिहायचा: कोणत्या नोटा किती, नाणी किती, एकूण किती. दोघांच्या सह्या तिथेच व्हाव्यात, घरी नेऊन नव्हे.

मोजलेली रक्कम जशीच्या तशी बँकेच्या पुढच्या कामाच्या दिवशी भरायची. गाडीभाडं, हार, मजुरी त्या रोखीतून द्यायची नाही. एकदा दिली की मोजणीचा कागद आणि बँकेची पावती कधीच जुळत नाहीत. तो खर्च नंतर खात्यातून करा. पावत्या फाडणारा आणि हिशेबाची वही लिहिणारा एकच माणूस नसावा. दर महिन्याला बँकेच्या विवरणाचा ताळमेळ तिसऱ्याने घालावा. धनादेशावर दोन सह्या हव्यात आणि एकाने आधीच सह्या करून ठेवलेलं चेकबुक कधीही नको. ‘अध्यक्ष परगावी जाणार आहेत’ हे कारण नेहमीचं आहे, पण त्यावर तिसरा अधिकृत सहीदार नेमणं हा मार्ग आहे.

ऑनलाइन देणगीचा क्यूआर कोड क्लबच्या सेवाखात्याचाच असावा, कुणा सभासदाच्या वैयक्तिक खात्याचा नको. सार्वजनिक जागी लावलेला कोड रोज सकाळी स्वतः स्कॅन करून पाहा. वर दुसरा स्टिकर चिकटवून पैसे वळवण्याचे प्रकार होतात. मध्यस्थ कंपनी शुल्क कापून रक्कम जमा करत असेल, तर देणगी पूर्ण लिहा आणि शुल्क खर्चात दाखवा. पावती देणगीदाराने दिलेल्या पूर्ण रकमेची निघते.

मदत कुणाला द्यायची हे कोण ठरवतं?

कार्यकारिणीने नेमलेली तीन किंवा पाच जणांची समिती. अर्ज, प्रत्यक्ष भेट, अंदाजपत्रक आणि ठराव, या क्रमाने. भेट आधी न कळवता दिली तर जास्त कळतं, पण सौजन्य म्हणून पहिली भेट कळवून आणि दुसरी न कळवता द्यावी. अर्जदार संस्थेशी किंवा माल पुरवणाऱ्याशी समितीतल्या कुणाचं नातं वा व्यवहार असेल, तर त्याने ते सांगून चर्चेतून बाहेर पडावं आणि तसं इतिवृत्तात लिहावं. सभासदाच्या दुकानातून खरेदी करणं वाईट नाही. ती लपवणं वाईट.

एकट्या रुग्णाला मदत करताना रक्कम थेट रुग्णालयाच्या नावे, बिलाच्या बदल्यात द्यावी. विद्यार्थ्याची फी शिक्षणसंस्थेत भरावी. यात कुटुंबावर अविश्वास नाही. अडचणीत असलेल्या घरात रोख आली की दहा जुनी देणी दारात उभी राहतात.

दिलेल्या वस्तू काही महिन्यांत बंद का पडतात?

कारण आपण वस्तू देतो आणि ती चालवायला लागणारी व्यवस्था देत नाही.

शाळेतलं पाणी शुद्ध करणारं यंत्र घ्या. गाळण्या काही महिन्यांनी बदलाव्या लागतात, मेम्ब्रेन (क्षार अडवणारा पातळ पडदा) साधारण दोन-तीन वर्षांनी. ते पैसे कुणी द्यायचे हे लिहिलेलं नसतं. पाण्याचा वेग मंदावतो, मुलं पुन्हा जुन्या नळाकडे जातात, यंत्रावर धूळ साचते. यंत्र बसवण्याआधी पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करावी. दोष जंतूंचा आहे की क्षारांचा, यावर यंत्र कोणतं हे ठरतं, आणि क्षार कमी असताना महागडं यंत्र बसवलं की पैसा आणि पाणी दोन्ही वाया जातं.

चाकाच्या खुर्चीचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली खुर्च्यांच्या पुरवठ्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांचा गाभा असा की खुर्ची ही माप घेण्यापासून दुरुस्तीपर्यंतची सेवा आहे. एकाच मापाच्या पन्नास खुर्च्या व्यासपीठावर ओळीने मांडल्या की छायाचित्र सुरेख येतं. पण बैठक रुंद असेल तर पाठीचा कणा वाकडा होतो, पायपट्टी चुकली तर सगळा भार मांड्यांखाली येतो आणि संवेदना नसलेल्या रुग्णाला योग्य गादीअभावी दाबाच्या जखमा होतात. तशा जखमा जिवावर बेतू शकतात. पन्नासाऐवजी वीस खुर्च्या द्या, माप घेऊन, गादीसह, आणि सहा महिन्यांनी तपासायला जा.

म्हणून प्रत्येक वस्तूबरोबर एक पानी करार करा: मालकी कुणाची, देखभाल कोण करणार, सुटे भाग कुठे मिळतात, बिघडल्यास फोन कुणाला, आणि वापर थांबला तर वस्तू दुसरीकडे हलवायचा अधिकार कुणाला.

रक्तदान आणि नेत्रतपासणी शिबिरांत काय सांभाळावं?

रक्तदानात आकड्यापेक्षा तारीख महत्त्वाची. तांबड्या पेशी थंड तापमानात ३५ ते ४२ दिवस टिकतात, बिंबिका (प्लेटलेट्स) साधारण पाचच दिवस. एका सणाच्या किंवा जयंतीच्या दिवशी सगळ्या मंडळांनी शिबिरं घेतली तर रक्तपेढीत पिशव्या मावत नाहीत आणि दीड महिन्यांनी टंचाई येते. आधी रक्तपेढीला विचारा: कोणत्या आठवड्यात कमी पडतं, किती पिशव्या पेलतील? मग त्या आठवड्यात तेवढंच शिबिर घ्या. विक्रमाच्या मागे लागू नका.

नेत्रसेवेशी लायन्सचं नातं १९२५ पासूनचं. त्या वर्षीच्या अधिवेशनात अंध आणि बहिऱ्या असलेल्या लेखिका हेलन केलर यांनी अंधत्वाविरुद्धच्या लढ्यासाठी सभासदांना साद घातली होती. मोतीबिंदूच्या शिबिरात तपासणी हा सोपा भाग. रक्तातली साखर किंवा रक्तदाब जास्त निघाला म्हणून शस्त्रक्रिया पुढे गेलेल्या रुग्णांची यादी कुणाच्याच हातात राहत नाही आणि ते घरी जाऊन बसतात. त्या यादीसाठी एक सभासद नेमा. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी चष्म्याचा नंबर काढावा लागतो, त्या फेरीचा वाहनखर्चही सुरुवातीच्या अंदाजपत्रकात धरा. जुने चष्मे गोळा करणार असाल तर ओरखडे, तुटकी काडी आणि विचित्र नंबर यांमुळे मोठा भाग बाद होतो हे लक्षात ठेवा. निवडण्याचा आणि नंबर मोजण्याचा खर्च धरला तर साधा नवा चष्मा अनेकदा स्वस्त पडतो.

आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठानाकडून निधी कसा मिळतो?

रोटरी प्रतिष्ठानाची कल्पना रोटरीचे तेव्हाचे अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी १९१७ मध्ये मांडली आणि पहिली देणगी २६.५० डॉलरची होती. लायन्सचं प्रतिष्ठान १९६८ सालचं. रोटरीच्या ग्लोबल ग्रँटसाठी (मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पांचं अनुदान) प्रकल्पाचं अंदाजपत्रक किमान ३०,००० डॉलरचं लागतं, काम जिथे होणार तिथला एक आणि दुसऱ्या देशातला एक असे भागीदार लागतात, आणि स्थानिक गरजेची पाहणी आधी करावी लागते. अर्ज फेटाळले जातात किंवा परत येतात ते बहुधा या पाहणीपाशी. ‘गरज आहे असं आम्हाला वाटलं’ ही पाहणी नव्हे; वापरणाऱ्या लोकांशी बोलून त्याची नोंद हवी. लहान कामांसाठी रोटरीच्या जिल्ह्यामार्फत (परिसरातल्या क्लबांचा गट, सरकारी जिल्हा नव्हे) मिळणारी ग्रँट सोपी असते.

मोठं काम किती काळ मागतं याचं उदाहरण पोलिओचं. रोटरीने १९७९ मध्ये फिलिपिन्समध्ये लसीकरण सुरू केलं, १९८५ मध्ये ‘पोलिओप्लस’ हा लसीकरणाचा कार्यक्रम जाहीर केला आणि १९८८ मध्ये जागतिक निर्मूलन मोहीम उभी राहिली. तेव्हा १२५ देशांत वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुलांना पोलिओ होत होता. काम अजून संपलेलं नाही.

अध्यक्ष दरवर्षी बदलतो. मग चालू प्रकल्पाचं काय?

रोटरी आणि लायन्स दोन्हींचं वर्ष १ जुलै ते ३० जून. नव्या अध्यक्षाला आपल्या नावाचा प्रकल्प हवा असतो आणि जुना पोरका होतो. वृक्षारोपणात हे लगेच दिसतं, कारण रोपाला दोन-तीन वर्षं तरी पाणी आणि कुंपण लागतं. प्रकल्पाचा प्रमुख किमान तीन वर्षांसाठी नेमा, तो अध्यक्षाबरोबर बदलू नये. मे महिन्यातच पुढच्या कार्यकारिणीला फाइल द्या: करार, पुरवठादारांचे फोन, हमीपत्रं, शिल्लक रक्कम, पुढच्या भेटीची तारीख.

निधी उरला किंवा कमी पडला तर?

उरला तर आधी त्याच कामाच्या देखभालीला लावा. दुसऱ्या कामाला वळवायचा असेल तर देणगीदारांना लेखी विचारा आणि ठराव करा. कमी पडला तर काय करणार, हे आवाहनातच लिहिलेलं असावं: काम टप्प्यांनी करणार, की रक्कम परत देणार. आधी लिहिलं नसेल तर प्रत्येकाला विचारावं लागतं आणि त्यात महिने जातात.

लाभार्थींची छायाचित्रं आणि देणगीदारांचे फलक लावावेत का?

फलक लावा, पण वस्तूपेक्षा मोठा नको. छायाचित्रासाठी माणसाची संमती हवी, मुलांच्या बाबतीत पालकांचीही, आणि नाही म्हटल्याने मदत अडणार नाही हे त्यांना आधी सांगायला हवं. मदत घेतानाचा हात दाखवण्यापेक्षा चालू असलेलं यंत्र दाखवा. देणगीदाराला तेच बघायचं असतं.

देणगी देण्यापूर्वी क्लबला काय विचारावं?

पैसे कोणत्या खात्यात जातील, खर्च वजा होणार का, आणि हिशेब कधी मिळेल. कार्यक्रम संपल्यापासून तीस दिवसांत एका पानाचा हिशेब यायला हवा: एकूण जमा, थेट खर्च, कामाला दिलेली रक्कम, शिल्लक. करसवलत हवी असल्यास पावती कुणाच्या नावाने निघते ते पाहा. काही देशांत ती क्लबला देता येत नाही, त्याच्या नोंदणीकृत न्यासालाच देता येते. मागच्या वर्षीच्या एखाद्या प्रकल्पाचा पत्ताही मागा आणि जमलं तर तिथे स्वतः जाऊन या.